फोनमधलं पायताण फरशीला टेकवताना: प्रकल्प नोंदी

मामांचं कोल्हापूरच्या चप्पल लाईनीत दुकान आहे. पुण्या-मुंबईची गिऱ्हाईकं फोनवर फोटो मागतात, फोटो बघून "घालून कसं दिसेल ते कळत नाही" म्हणतात आणि विषय तिथंच मिटतो. मी मामांना शब्द दिला की गिऱ्हाईकाच्या स्वतःच्या फरशीवर, त्याच्या पायाशेजारी चप्पल ठेवून दाखवतो, फोनच्या कॅमेऱ्यातून. एकच जोड, कापशी (कोल्हापुरी चपलेचा एक प्रकार), पट्ट्यावर जर, म्हणजे धातूची चकचकीत तार, आणि गोंडा. साहित्य: युनिटी आणि एआर फाउंडेशन (कॅमेऱ्यातल्या चित्रात आभासी वस्तू बसवायला), ब्लेंडर (वस्तूचं त्रिमितीय मॉडेल नीट करायला) आणि तीन वर्षांचा मधल्या किमतीचा अँड्रॉइड फोन. माझा अंदाज पंधरा दिवसांचा होता, लागले सव्वादोन महिने. कुठं वेळ गेला ते खाली तारखेवार.

५ ऑक्टोबर २०२४

दुकानातच चप्पल स्टुलावर ठेवून चहूबाजूंनी १६० फोटो काढले. रात्रभर लॅपटॉप तापवून मॉडेल तयार केलं, ते फोनला झेपेल इतकं हलकं केलं आणि सकाळी दुकानाच्या शहाबादी फरशीवर उभं केलं. मला भारीच वाटलं. मामांनी चष्मा वर करून बघितलं.

"चित्र झक्कास हाय. पण हे तरंगतंय की रं."

मी म्हटलं, मामा, ते अजून कच्चं आहे, कातड्याची चकाकी नीट केली की बसेल. मामांनी पहिल्याच दिवशी रोगावर बोट ठेवलं होतं आणि मी पुढचे सहा आठवडे भलत्याच जागी औषध लावत बसलो.

९ ऑक्टोबर

चार दिवस फक्त कातडं. चप्पल प्लॅस्टिकची दिसते. रफनेस, म्हणजे पृष्ठभागाचा खरखरीतपणा, वाढवला तर पुठ्ठा, कमी केला तर पावसाळी सँडल. हे कातडं बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात कमावलेलं, वर तेलाचा हात. त्याची चकाकी एकसारखी नसते. अंगठ्यापाशी आणि पट्ट्याच्या कडेला हात लागून गुळगुळीत, मध्ये मंद. म्हणून रफनेसचा वेगळा नकाशा, म्हणजे कुठं किती चमक ते सांगणारं चित्र, हाताने रंगवला. थोडा फरक पडला, पण सावलीतला भाग काळाठिक्कर आणि उजेडातला भाजल्यासारखा, हे तसंच राहिलं.

रात्री साडेअकराला सापडलं. प्रकल्प मी जुन्या एका कामावरून नक्कल करून सुरू केला होता आणि त्यात रंगाचं गणित गॅमावर (पडद्यासाठी वाकवलेले आकडे) होतं, लिनिअरवर (उजेडाचे सरळ आकडे) नव्हतं. पडद्यासाठी वाकवलेल्या आकड्यांतच उजेडाची बेरीज चालली होती, मग दोन दिव्यांची बेरीज चुकणारच. सेटिंग एका ओळीचं. बदललं आणि चार दिवसांत रंगवलेला नकाशा पुन्हा पहिल्यापासून करावा लागला, कारण तो चुकीच्या गणिताला जुळवून केला होता. कुणी हे करणार असेल तर आधी ते सेटिंग बघा, मग ब्रश हातात घ्या.

१३ ऑक्टोबर

काल दसरा, काम नाही. आज चप्पल घेऊन गच्चीवर गेलो आणि नवं भूत दिसलं. ऊन उजवीकडून येतंय, तरी मॉडेलच्या पट्ट्याखाली दोन्ही बाजूंना काळी सावली. दुकानातल्या दोन ट्यूबलाइटांची सावली फोटोंतून थेट रंगात उतरली होती. म्हणजे एक उजेड चप्पल अंगावर घेऊनच आलेली, त्यावर मी दुसरा टाकतोय.

पुन्हा स्कॅन. चुलत्यांचं मांडवाचं काम आहे, त्यांच्याकडून पांढरं कापड आणलं आणि अंगणात चौकोनी खोली केली. उजेड सगळीकडून सारखा. शिवाय चकाकी काढून टाकायला दिव्यापुढे पोलराइज शीट धरली, तिचाच तुकडा लेन्सपुढे आडवा फिरवून लावला. कातड्यावरचा तेलाचा झगमगाट नाहीसा झाला आणि खालचा खरा तांबूस रंग वर आला. असा रंग मी त्या चप्पलेत कधी बघितला नव्हता.

पण पट्ट्यावरची जर काळी पडली. धातूवरून परतणारा उजेड सगळा चकाकीचाच, ती काढली की मागे काही उरतच नाही. कातडं आणि जर वेगवेगळी हाताळायची हे तेव्हा डोक्यात आलं. जरीचा रंग साध्या फोटोतून घेतला, तेवढ्या भागाला मेटॅलिक (धातूपणाचं सेटिंग) पूर्ण दिलं. एक दिवस गेला.

२० ऑक्टोबर

आता खऱ्या जागेचा उजेड मोजायचा. चकचकीत गोळा जागेवर ठेवायचा, कमी-जास्त एक्स्पोजरचे फोटो काढायचे, ते जोडून त्या जागेचा उजेड सर्व दिशांनी मिळवायचा, ही युक्ती पॉल डेबेवेक यांनी १९९८ मध्ये मांडली आणि सिनेमावाले ती अजून वापरतात. त्यांच्याकडे चांगला कॅमेरा असतो, माझ्याकडे उद्यमनगर आहे, कोल्हापुरातली कारखाने-वर्कशॉपांची वस्ती.

आधी फॅब्रिकेशनवाल्याकडून जिन्याच्या रेलिंगवर बसवतात तो स्टीलचा पोकळ गोळा घेतला, ९० रुपये. घरी येऊन बघतो तर मधोमध जोडाची रेघ आणि पॉलिशचे बारीक ओरखडे. त्यात ट्यूबलाइट दिसायची ती धुरकट पट्ट्यासारखी. दुसऱ्या दिवशी बेअरिंगच्या दुकानातून दोन इंची भरीव गोळा, ३५० रुपये. दुकानदाराने विचारलं, कुठल्या मशीनचा? मी म्हटलं, चपलेचा. त्याने पुढे काही विचारलं नाही.

सात फोटो, प्रत्येकाचं एक्स्पोजर आधीच्या चौपट, एक चारहजारांश सेकंदापासून एक सेकंदापर्यंत. कागदावर सोपं. दुकानात मात्र वेगवान फोटोंत आडव्या काळ्या पट्ट्या. आपली वीज ५० हर्ट्झची, ट्यूब सेकंदाला १०० वेळा मंद-प्रखर होते, आणि एक शतांशपेक्षा वेगवान शटर त्या लुकलुकीचा मधलाच तुकडा पकडतो. शटर एक पन्नासांशवर ठेवला की पट्ट्या जातात, पण ट्यूब पांढरीफट्ट होते, तिचा आकडा मिळत नाही.

उपाय परत उद्यमनगरातच. गॅस वेल्डिंगच्या गॉगलची काच, १५० रुपयांना जोडी. ती लेन्सपुढे धरून एक पन्नासांशवर फोटो काढले. सगळं हिरवं आलं, ते अपेक्षितच होतं. मग पांढरा कागद काचेतून आणि काचेशिवाय असा दोनदा टिपला, दोन्हींचा भागाकार केला, हिरवा निघून गेला. गोळ्यात फोटो काढणारा मीच मधोमध दिसतो, म्हणून ९० अंशांवरून दुसरा संच काढला आणि माझ्यावर त्यातला तुकडा चिकटवला. आणखी एक खोट राहिली होती: स्टील पडलेला सगळा उजेड परत देत नाही. शेजारी पांढरा कागद ठेवून त्याची थेट उजळता आणि गोळ्यातली उजळता ताडून पाहिली, तेवढ्या प्रमाणात नकाशा वर उचलला. हे विसरलात तर वस्तू कायम मरगळलेली दिसते आणि कारण सापडत नाही.

२७ ऑक्टोबर

साठ रुपयांच्या रबरी चेंडूला करड्या प्रायमरचा स्प्रे मारला, २४० रुपये. चमक नसलेला, सगळीकडे सारखा करडा. तो फरशीवर ठेवायचा, शेजारी फोनमध्ये तसाच आभासी चेंडू. दोन्ही सारखे दिसले तर उजेड बरोबर. कातडं, जर, वेणी यांचा गोंधळच नको. हे मी पहिल्या दिवशी करायला हवं होतं. चपलेवर उजेड तपासणं म्हणजे तांबड्या रश्श्यात मीठ किती पडलंय ते रंगावरून ओळखणं.

माझ्या गोळ्याच्या नकाशाने दुकानात चेंडू जवळपास जुळला. पण गिऱ्हाईक पुण्यातल्या आपल्या हॉलमध्ये स्टीलचा गोळा घेऊन बसणार नाही. तिथं फोनच्या अंदाजावरच भागवायचं. एआरकोअरमध्ये (अँड्रॉइड फोनवरची गूगलची एआर सोय) २०१९ पासून कॅमेऱ्यात दिसतं त्यावरून उजेड ताडायची सोय आहे: मुख्य दिव्याची दिशा आणि तीव्रता, आजूबाजूच्या मंद उजेडासाठी स्फेरिकल हार्मोनिक्सचे (सगळ्या दिशांचा उजेड मोजक्या आकड्यांत मांडायची रीत) २७ आकडे आणि प्रतिबिंबांसाठी क्यूबमॅप, म्हणजे सहा बाजूंचं चित्र. आयफोनची तऱ्हा वेगळी: मागच्या कॅमेऱ्याने फरशी बघताना एकूण उजेड आणि त्याचं रंगतापमान मिळतं, प्रतिबिंबांचा नकाशा मिळतो, मुख्य दिव्याची दिशा मात्र चेहरा बघतानाच. त्यामुळे आयफोनचं काम मी बाजूला ठेवलं. मामांचा फोन अँड्रॉइडच आहे.

दुकानात फोनने सांगितलेली मुख्य दिशा आणि माझ्या गोळ्यातली, दोन्ही ताडून पाहिल्या. दारातून येणारा दिवसाचा उजेड असला की ठीक. संध्याकाळी दोन समांतर ट्यूब लागल्या की फोन बिचारा दोन्हींच्या मधली दिशा सांगतो, जिथं दिवाच नाही. एकाच दिव्याचं उत्तर मागितलं तर असंच होणार. म्हणून अशा वेळी सावली मऊ आणि फिकी करायची असं ठरवलं, कारण चुकीच्या दिशेची ठळक सावली पुसट सावलीपेक्षा वाईट.

१ नोव्हेंबर

दिवाळी. काम बंद. उंबऱ्यावर तीस-एक पणत्या होत्या, मोह आवरला नाही, चप्पल तिथं ठेवून बघितली. सावली कुठंच नाही, फोनही गप्प. आईने फराळाला बोलावलं.

९ ते ११ नोव्हेंबर

अंबाबाईच्या देवळात किरणोत्सव. मावळतीची किरणं महाद्वारातून आत येतात, पहिल्या दिवशी पायांवर, मग छातीपर्यंत, तिसऱ्या दिवशी मुखावर. तीच किरणं ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारीलाही येतात, कारण दोन्ही तारखा २१ डिसेंबरच्या अलीकडे-पलीकडे साधारण सहा आठवड्यांवर आहेत आणि सूर्य तेव्हा एकाच ठिकाणी मावळतो. सगळं गाव तिकडे. मी रंकाळ्याच्या काठावर, कारण मला तेच आडवं ऊन मोकळ्या जागेत हवं होतं. आजीचं मत: "देवीच्या पायाशी ऊन येतंय आणि हा पायताण घेऊन तळ्यावर निघालाय."

९ तारखेला पहिलाच दणका. साडेपाचच्या पुढे ऊन पाचेक अंशांवर होतं. चपलेचा पट्टा सात सेंटिमीटर उंच, म्हणजे सावली ऐंशी सेंटिमीटर लांब. सावली झेलायला मी ठेवलेला पारदर्शक चौकोन साठ सेंटिमीटरचा. सावली पुढे कात्रीने कापल्यासारखी सरळ रेषेत संपली. दुकानातल्या ट्यूबखाली हे कधी कळलंच नसतं. चौकोन दोन मीटरचा केला, कडा विरत नेल्या.

१० तारखेला शहाणपणा सुचला: फोनच्या अंदाजावर कशाला राहायचं, तारीख, वेळ आणि जागा ठाऊक असली की सूर्य कुठं आहे ते गणितानेच निघतं. कोल्हापूर १६.७ अंश उत्तर, या दिवसांत सूर्य नेमक्या पश्चिमेच्या १८ अंश दक्षिणेला मावळतो. रंकाळ्यावर अगदी बिनचूक जमलं. तसाच फोन घेऊन दुकानात गेलो, बाहेर अजून उजेड होता, आणि सावली भिंतीकडून आली. दुकानाचं लोखंडी शटर, लोखंडी कपाटं, त्यात फोनचं होकायंत्र कुठच्या कुठं फिरलं. शिवाय गणिताला समोरची इमारत माहीत नसते. किरणोत्सवाच्या वाटेतल्या इमारतींचा अडथळा हा इथं दरवर्षीच्या चर्चेचा विषय, म्हणजे सूर्याचं स्थान बरोबर असलं तरी ऊन पोचेलच असं नाही, हे निदान कोल्हापूरकराला तरी आधी सुचायला हवं होतं. दोन दिवसांचं काम काढून टाकलं. आता गणित फक्त मोकळ्यावर, आणि तेही फोनचा अंदाज वीस अंशांच्या आत जुळला तरच.

११ तारखेला सावलीचा रंग. खऱ्या चपलेची सावली निळसर, माझी काळी. सावलीत ऊन नसतं पण आभाळ असतं. आता सावलीचा रंग फोनने दिलेल्या आजूबाजूच्या उजेडातून काढतो. बदल बारीक, पण तो केल्यावर बायकोने फोनकडे बघून पहिल्यांदाच "यातली खरी कुठली?" असं विचारलं. खरी डावीकडची होती. तिने डावीकडचीच सांगितली, पण थांबून.

१७ नोव्हेंबर

आणि तरीही घरातल्या फरशीवर चप्पल तरंगतेच. आज हट्टाने बाकी सगळं बंद केलं. टेक्स्चर काढलं, जर काढली, नुसती करडी चप्पल आणि तिची सावली. खरी चप्पल शेजारी. फरशीला नाक लावून पालथा पडून बघितलं.

खऱ्या चपलेच्या तळाला, फरशीशी जिथं भेट होते तिथं, काजळाची बारीक रेघ असते. मिलिमीटर-दोन मिलिमीटरची, अगदी गडद, आणि बाहेर बोटभर अंतरात विरत जाते. माझ्या चपलेला ती रेघच नव्हती. उलट तळ आणि सावली यांच्यामध्ये फरशीची उजळ फट. मामा म्हणाले होते ते हेच!

कारणं तीन निघाली. पहिलं, युनिटीत सावलीची पोच मुळात ५० मीटरवर ठेवलेली असते. तेवढा सगळा पट एका बाजूला २०४८ खण असलेल्या सावलीच्या नकाशात बसवायचा, म्हणजे एक खण अडीच सेंटिमीटरहून मोठा. चपलेचा तळ एक सेंटिमीटर जाड. तो खणात मावतच नाही. दुसरं, सावलीवर ठिपके पडू नयेत म्हणून दिलेला बायस खणाच्या मापात वाढतो आणि सावली वस्तूपासून दूर ढकलतो. खण मोठा, ढकलणंही मोठं. पोच दोन मीटर केली, बायस हळूहळू उतरवला, फट मिटली. हे दोन आकडे. सहा आठवडे.

तिसरं, फोनला सापडलेली फरशी खऱ्या फरशीपेक्षा काही मिलिमीटर वर-खाली असते. चकचकीत पांढऱ्या टाइल्सवर जास्तच, कारण त्यावर खूण म्हणून धरायला काही नसतं. त्यासाठी चप्पल दोन मिलिमीटर फरशीत बुडवली, सरळ लबाडी, आणि बोटाने वर-खाली करायची सोय दिली. काजळाची रेघ ब्लेंडरमध्ये भाजून, म्हणजे आधीच मोजून चित्रात उतरवून, चपलेखाली चिकटवली. ती मुख्य दिव्याशी बांधलेली नाही, दिवा असो नसो, रेघ राहते.

मामांना दाखवलं. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "हां. आता बसलं." आणि लगेच, "गोंडा मात्र झाडूसारखा दिसतोय."

२४ नोव्हेंबर

उरलेल्या किरकोळ भानगडी. बाकड्याच्या खऱ्या सावलीत चप्पल ठेवली की माझी सावली त्यावर आणखी काळी पडायची, जिथं ऊनच नाही तिथं उन्हाची सावली. आता ठेवलेल्या जागेची उजळता उरलेल्या चित्राशी ताडतो, जागा अंधारी असली तर दिव्याची सावली विरवून नुसती काजळाची रेघ ठेवतो. सरळसरळ जुगाड आहे, सावलीच्या कडेवर ठेवलं तर फसतो.

फोन दाराकडून आत फिरवला की कॅमेरा एक्स्पोजर बदलतो आणि चपलेचा उजेड अर्ध्या सेकंदाने मागून येतो, जणू चप्पल धापा टाकतेय. आकडे एकदम न घेता हळूहळू सरकवले, धाप कमी झाली. आणि शेवटी चप्पल जरा बिघडवली: कॅमेऱ्यात संध्याकाळी दाणे येतात, चित्र मऊ होतं, माझी चप्पल मात्र काचेसारखी स्वच्छ. तिच्यावरही थोडे दाणे टाकले, कडा थोड्या बोथट केल्या. पंधरा मिनिटांचं काम, चार दिवसांच्या रफनेसपेक्षा जास्त उपयोगी.

८ डिसेंबर

दुकानात आलेल्या पाच-सहा गिऱ्हाईकांच्या हातात फोन दिला. जरीबद्दल, जिच्यावर मी सर्वांत जास्त जीव टाकला, एकानेही शब्द काढला नाही. एका आजोबांनी फोन बाजूला ठेवून विचारलं, "वाजती का?" कापशीची करकर फोनमध्ये नाही हे खरंच.

खर्च: गोळे ४४०, चेंडू आणि स्प्रे ३००, गॉगल १५०, पोलराइज शीट ७००. एकूण १५९० रुपये. त्यातले ९० रेलिंगच्या गोळ्याचे पाण्यात, तो आता पोराच्या खेळण्यांत आहे. वेळेचा हिशेब लावला तर सूर्याच्या गणितात दोन दिवस, गॅमाच्या चुकीत चार, पहिल्या स्कॅनमध्ये तीन, आणि बायसचं वर लिहिलंच आहे. पुन्हा करायचं झालं तर करडा चेंडू आणि काजळाची रेघ आधी, कातडं सगळ्यात शेवटी.

गोंडा अजून झाडूच आहे. धाग्यांतून थोडा उजेड आरपार जातो, ते या फोनवर झेपत नाही. मामांनी तोडगा सुचवला: बिनगोंड्याचा जोड दाखव.

१५ डिसेंबर

मामांनी मला न विचारता दुकानात ट्यूब काढून छताला एलईडी पॅनेल बसवले. दुकानासाठी घेतलेला माझा सगळा नकाशा वाया. उद्या सकाळी गोळा, गॉगलची काच आणि पांढरा कागद घेऊन परत जायचं आहे, गिऱ्हाईक यायच्या आत.